शून्य आले, पण कितीपैकी?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजक मला म्हणाले, "डॉक्टर, कर्करोगावर बोला, पण जरा हलकंफुलकं होऊ द्या." मी त्यांना म्हटले की विषय हलका करणे मला जमणार नाही, सोपा करण्याचा प्रयत्न करीन. गणपतीच्या दिवसांत असला विषय कशाला, असे काहींना वाटणे साहजिक आहे. पण जयपुरातला मराठी माणूस एवढ्या संख्येने एकत्र येतो तो याच दिवसांत. आपले गलाई व्यवसायातले बांधव आहेत, नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आहेत, आणि दोन-तीन पिढ्यांपासून इथलेच झालेले, घरात मराठी आणि दारात ढूंढाडी बोलणारे लोकही आहेत. मंडळाच्या ओळखीतून माझ्याकडे अनेक जण ऑपरेशननंतरचे रिपोर्ट समजून घ्यायला येतात. त्या रिपोर्टमधल्या एका ओळीचा अर्थ बहुतेकांना अर्धाच कळलेला असतो. आज त्या एका ओळीवरच बोलणार आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे रुग्णाला जो डॉक्टर सहसा कधी दिसत नाही, तो. सर्जनने जे काढले ते माझ्या टेबलावर येते आणि ते काय आहे हे मी लिहून देतो. त्या रिपोर्टमध्ये एक ओळ असते, "लिम्फ नोड्स ०/२६" किंवा "३/२२" अशी. हा शाळेतलाच अपूर्णांक आहे. वरचा आकडा कर्करोग सापडलेल्या गाठींचा, खालचा तपासलेल्या एकूण गाठींचा. घरचे लोक वरचा आकडा वाचतात, शून्य असेल तर देवापुढे साखर ठेवतात. खालचा आकडा कोणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे.

लिम्फ नोड म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना माहीत होते. पायात काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत दुखरी गाठ येई. तिला गावाकडे 'अवधाण' म्हणत. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, हे कसे? तर शरीरात रक्तवाहिन्यांशिवाय आणखी एक वाहिन्यांचे जाळे असते, त्यातून लसिका नावाचा पातळ द्रव वाहतो. या जाळ्यावर जागोजागी चौक्या आहेत, पूर्वीच्या जकात नाक्यांसारख्या. जो माल येईल तो तिथे अडवून तपासला जातो. संपूर्ण शरीरात अशा साधारण सहाशे गाठी असतात आणि त्यांतला फार मोठा वाटा एकट्या मानेत असतो. आपण सुदृढ असताना त्या मुगाच्या दाण्याएवढ्या किंवा फार तर शेंगदाण्याएवढ्या असतात, हाताला लागतही नाहीत.

जिभेचा किंवा गालाचा कर्करोग पसरायला निघाला की त्याच्या पेशी प्रथम याच वाहिन्यांतून मानेतल्या चौक्यांवर येतात. म्हणून चौकीत पेशी सापडल्या की दोन गोष्टी कळतात. एक, या रोगाला प्रवास करता येऊ लागला आहे. दोन, तो आता मानेतही वाढणार आहे. तोंडाच्या कर्करोगात सर्जन मंडळींचा जुना ठोकताळा असा, की मानेतली गाठ बाधित निघाली तर बरे होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होते. मूळ गाठ केवढी आहे यापेक्षाही हा प्रश्न पुष्कळदा अधिक वजनदार ठरतो.

मी तोंडाच्याच कर्करोगाचे उदाहरण का घेतो आहे, हे सांगायला हवे. भारतातल्या पुरुषांत तो पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. आपण ज्या राज्यातून आलो ते आणि ज्या राज्यात राहतो ते, दोन्ही तंबाखूच्या बाबतीत पुढारलेली! २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू, म्हणजे मळलेली तंबाखू, मिश्री, गुटखा यांपैकी काही ना काही घेताना आढळले. राजस्थानात हा आकडा १४.१ टक्के होता, पण इथे विडीची भर आहे. २०१२ मध्ये दोन्ही राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. ती किती पाळली जाते, हे कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन आपणच पाहावे.

याच विषयावर एका मराठी माणसाचे ऋण आहे, ते फेडता येणार नाही पण नाव तरी घ्यायलाच हवे. डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४१ मध्ये मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले, तेव्हा तिथली पॅथॉलॉजी त्यांनी उभी केली. तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये अमेरिकेतल्या 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. संगणक नाही, एक्सेल नाही, सगळे वहीत. आम्हा पॅथॉलॉजिस्ट लोकांच्या घराण्याचे ते मूळ पुरुष म्हणावेत असे. याच परळमधून पुढे जे संशोधन आले, ते आजच्या विषयाचा गाभा आहे.

प्रश्न असा होता. समजा एखाद्याच्या जिभेवर दोन सेंटिमीटरचा व्रण आहे. मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही काही नाही. जिभेचे ऑपरेशन करायचे हे ठरलेच. पण मानेतल्या गाठी त्याच वेळी काढायच्या, की वाट पाहायची आणि पुढे गाठ आली तरच काढायची? घरच्यांचे मत ठरलेले असते. "गर्दन में तो कुछ है ही नहीं, डॉक्टर साब, फिर गर्दन क्यों काटनी?" मराठीतही हेच विचारतात. आणि प्रश्न अगदी रास्त आहे. मानेच्या ऑपरेशनची भीती उगीच नाही. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. जॉर्ज क्राइल यांनी १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडून ही पद्धत रूढ केली. त्या काळच्या ऑपरेशनमध्ये गाठींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याकडे जाणारी नस हे सगळे निघत असे. खांदा पडायचा, हात वर जात नसे. आज नस आणि स्नायू जपून फक्त वरच्या तीन पातळ्यांमधल्या गाठी काढता येतात, पण लोकांच्या मनात जुनेच चित्र आहे.

शिवाय डॉक्टरांतही दुमत होते. एका बाजूचे म्हणणे असे, की हाताला काही लागत नसले तरी दहापैकी दोन-तीन मानांमध्ये सूक्ष्म रोग दडलेला असतोच. दुसरी बाजू म्हणे, मग उरलेल्या सात-आठ जणांची मान विनाकारण का उघडायची? लक्ष ठेवू, आली तर काढू. दोन्ही युक्तिवाद बिनतोड. असे पाऊण शतक चालले होते.

टाटा हॉस्पिटलमधल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा वाद मोजून सोडवायला घेतला. सुरुवातीच्या टप्प्यातले, मानेत काही न लागणारे रुग्ण घेतले. कोणाची मान लगेच करायची आणि कोणाची वाट पाहायची हे ना डॉक्टरांनी ठरवले, ना रुग्णांनी. ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे योगायोगावर सोडले. २०१४ पर्यंत ५९६ रुग्ण झाले आणि पहिल्या ५०० जणांचा निकाल २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. तीन वर्षांनी, मानेचे ऑपरेशन लगेच झालेल्यांपैकी ८० टक्के हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. रोग परत न येता राहिलेले अनुक्रमे ६९.५ आणि ४५.९ टक्के. हिशोब करून पाहा: अशा दर आठ रुग्णांमागे एक माणूस जास्त जगला. कर्करोगात एवढा फरक एखाद्या नव्या महागड्या औषधाने पडला असता तर वर्तमानपत्रांनी आठवडाभर मथळे दिले असते. इथे औषध नव्हते. ऑपरेशन कधी करायचे, एवढेच बदलले होते. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक कर्करोग परिषदेत, मुख्य सत्रात, हा निकाल सांगितला गेला. परळच्या गल्लीतल्या, धर्मशाळेत नाहीतर फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या रुग्णांनी जगाच्या उपचारपद्धतीला वळण लावले, याचा मला फार अभिमान वाटतो. राजस्थानातून आजही लोक मुंबईची गाडी पकडून तिथे जातात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मराठीइतक्याच इतर बोलीही ऐकू येतात. अर्थात जयपुरातही १९९७ पासून भगवान महावीर कॅन्सर हॉस्पिटल आहे, सवाई मानसिंह रुग्णालय तर आहेच. प्रत्येकाने गाडी पकडायची गरज आता राहिलेली नाही.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या विषयाला धरून आहे. वाट पाहणाऱ्या गटातले रुग्ण घरी दुर्लक्षित बसलेले नव्हते, त्यांची ठरलेल्या तारखांना तपासणी होत होती. तरीही ज्यांच्या मानेत पुढे गाठ आली, त्यांच्या बाबतीत ती आली तेव्हा रोग पुष्कळदा पुढे गेलेला होता. काहींच्या गाठीचे कवच फोडून तो बाहेर आला होता. म्हणजे "आली तर काढू" यातला 'तर' फार महाग पडला.

आता माझ्या टेबलाकडे येऊ. मानेच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे येतो तो फॉर्मलिनमध्ये ठेवलेला चरबीचा एक पिवळट गोळा. त्यात गाठी कुठे आहेत हे वर लिहिलेले नसते. ती चरबी हाताने चाचपून, पातळ कापत जाऊन एकेक गाठ शोधावी लागते. याला आम्ही ग्रॉसिंग म्हणतो. गलाईवाल्या बांधवांना हे चटकन कळेल. सराफाच्या दुकानातली झाडलोट आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत ना, तसे हे काम आहे. कण किती निघाले हे गाळात सोने किती यावर अवलंबून असते, तसेच झारेकऱ्याच्या चिकाटीवरही. त्याने दोन घमेली धुऊन "सोने नाही" म्हटले तर सराफ विश्वास ठेवील का? तो विचारील, "किती धुतलेस?"

'०/४' आणि '०/२८' या दोन्ही रिपोर्टांत शून्य आहे. पण पहिल्यात चार चौक्यांवर चौकशी झाली, दुसऱ्यात अठ्ठावीस. मानेच्या मर्यादित ऑपरेशनमध्ये निदान दहा आणि मोठ्या ऑपरेशनमध्ये निदान पंधरा गाठी तपासाव्यात, असे स्टेजिंगच्या पुस्तकात सांगितले आहे. अठरा किंवा त्याहून जास्त गाठी मिळालेल्यांचे जगण्याचे प्रमाण चांगले, असेही अनेक अभ्यासांत दिसले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हा आकडा बारा धरतात. इथे एक खुलासा माझ्या व्यवसायबंधूंच्या वतीने: कमी गाठी म्हणजे नेहमी हलगर्जीपणा नव्हे. आधी रेडिएशन झालेल्या मानेत गाठी आक्रसतात, वयोमानानेही कमी सापडतात. पण कारण असले पाहिजे, आणि ते विचारता आले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या वडिलांचा रिपोर्ट माझ्याकडे आला. गालाचा कर्करोग, ऑपरेशन दुसऱ्या गावी झालेले. रिपोर्ट '०/४'. घरी पेढे वाटून झाले होते. मी मुलाला एवढेच विचारले, "ऑपरेशनमध्ये काढलेला उरलेला भाग लॅबमध्ये अजून आहे का?" सुदैवाने होता. तो मागवून पुन्हा शोधला तेव्हा आणखी सतरा गाठी मिळाल्या. त्यांतल्या एकीत तीन मिलिमीटरचा कर्करोग होता. '०/४' चे '१/२१' झाले. पेढे कडू झाले म्हणा. त्यांच्या सर्जनने आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनी बसून पुढचे उपचार नव्याने ठरवले. ते गृहस्थ आज बरे आहेत. तेवढ्यामुळेच बरे आहेत असे मी म्हणणार नाही, एका माणसावरून असले काही सिद्ध होत नसते. पण निर्णय खऱ्या माहितीवर झाला, हे नक्की.

गाठी सापडल्यावर प्रत्येकीचे तुकडे मेणात बसवून, केसाच्या जाडीहूनही पुष्कळ पातळ काप घेऊन, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहतो. पेशी बहुधा कवचाच्या आतल्या कडेने, जिथे लसिका प्रथम शिरते तिथे दिसतात. चौकीच्या दारातच पकडलेला चोर! तिथून पुढे तीन गोष्टी लिहायच्या. किती गाठी बाधित, त्यांतला सर्वांत मोठा साठा केवढा, आणि कवच फुटले आहे की नाही. ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. रोग कवचाबाहेर पडला असेल तर नुसत्या रेडिएशनऐवजी त्याच्या जोडीला केमोथेरपी द्यावी, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप आणि अमेरिकेतल्या दोन अभ्यासांनी दाखवले. आणि २०१८ पासून लागू झालेल्या स्टेजिंगमध्ये कवच फुटण्याला स्वतंत्र, वरचे स्थान मिळाले. बाधित गाठींची संख्याही बोलते. एक आणि पाच यांत मोठा फरक आहे. संख्या वाढत जाते तसा धोका वाढत जातो.

आता समव्यवसायी मित्रांसाठी एक गंमत, पण ती इतरांनाही कळेल. समजा दोन क्रिकेट संघ आहेत. चांगल्या संघातल्या तिघांच्या धावा ५०, ४०, ३०, सरासरी ४०. कच्च्या संघातल्या दोघांच्या १० आणि २०, सरासरी १५. आता ३० धावांचा गडी चांगल्या संघातून कच्च्या संघात पाठवा. पहिल्याची सरासरी ४५ झाली, दुसऱ्याची २०. दोन्ही संघ सुधारले आणि एकही धाव जास्त झाली नाही! गाठी अधिक बारकाईने शोधू लागलो की हेच होते. 'शून्य' गटातले लपलेले रुग्ण 'बाधित' गटात जातात आणि दोन्ही गटांचे निकाल कागदावर सुधारतात. डॉ. फाइनस्टाइन यांनी १९८५ मध्ये याला विल रॉजर्स या अमेरिकन विनोदी नटाचे नाव दिले. त्यामुळे "आमच्याकडे पहिल्या स्टेजचे इतके टक्के रुग्ण बरे होतात" असे कोणी सांगितले, की मी प्रथम त्यांच्या गाठींची सरासरी संख्या विचारतो. थोडा अप्रिय होतो, चालायचेच.

भगिनी विचारतील, स्तनाच्या कर्करोगात तर आता काखेतल्या गाठी कमी काढतात, मग इथे उलटे का? प्रश्न अचूक आहे. तिथे आधी रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोचून पहिली चौकी कोणती हे शोधतात आणि तेवढीच एक-दोन गाठी काढून पाहतात. त्या मोकळ्या असतील तर बाकी काखेला हात लावत नाहीत, त्यामुळे हाताला सूज येण्याचे प्रमाण घटले. टाटामध्ये तर विनाखर्चाची पद्धतही तपासली गेली, काखेच्या खालच्या भागातल्या गाठींचा नमुना घेण्याची. जिथे किरणोत्सर्गी साधने नाहीत तिथे ती उपयोगी पडते. स्तनाच्या कर्करोगात गाठ ही प्रामुख्याने खबर देते, आणि त्या खबरीवर देण्यासाठी औषधे भरपूर आहेत. तोंडाच्या कर्करोगात बहुतेकदा रोग परततो तो तोंडात आणि मानेतच, म्हणून तिथे गाठ काढणे ही तपासणीही असते आणि उपचारही. अर्थात तोंडासाठीही पहिली चौकी शोधण्याची पद्धत येते आहे. फ्रान्समधल्या २०२० च्या आणि जपानमधल्या २०२१ च्या अभ्यासांत तिचे निकाल संपूर्ण मान करण्याच्या तोडीचे आले. पण त्यासाठी साधने आणि सरावलेले हात लागतात. ते जिथे नाहीत तिथे परळचा धडा लागू आहे.

एक प्रश्न मला नेहमी, बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारतात. "डॉक्टर, ३/२२ आहे, म्हणजे बाबा किती दिवस?" याला मी उत्तर देत नाही, कारण उत्तर नाही. ८० टक्के, ६७ टक्के हे जमावाचे आकडे आहेत. शंभर जणांचे काय होईल ते सांगतात, त्यांतले तुमचे बाबा कोणते ते सांगत नाहीत. त्या आकड्याचा खरा उपयोग पुढचे पाऊल ठरवायला: रेडिएशन हवे का, केमो हवी का, आणि कधी. रेडिएशन हवे असेल तर ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हावे. म्हणून रिपोर्ट हातात आला की दिवाळीनंतर बघू, लग्न उरकून बघू, असे करू नका.

घरी कोणावर ही वेळ आली तर ऑपरेशनआधीच सर्जनना विचारा की मानेचे काय करणार. रिपोर्ट आल्यावर अपूर्णांकाचे दोन्ही आकडे पाहा आणि कवचाबद्दल लिहिले आहे का ते शोधा. खालचा आकडा फार लहान असेल तर लवकर विचारा, कारण उरलेला भाग बहुतेक लॅबमध्ये काही आठवडेच ठेवतात. मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मात्र वर्षानुवर्षे असतात. दुसरे मत हवे असेल तर ते मागून नेता येतात, त्यात कोणाचा अपमान नाही. सर्जन मित्रांना माझी विनंती एवढीच, की प्रत्येक पातळीच्या गाठी वेगळ्या बाटलीत, नाव घालून पाठवा. आमचे अर्धे काम तिथेच होते.

आरतीला अजून वीसेक मिनिटे आहेत. मागच्या टेबलावर मी मायक्रोस्कोप आणून ठेवला आहे आणि दोन स्लाइड लावल्या आहेत, एक मोकळ्या गाठीची आणि एक बाधित. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी रांगेने या. लहान मुलांना आधी येऊ द्या, त्यांना खाली स्टूल ठेवले आहे.